अंडाशयाच्या कर्करोगासाठी सोनोग्राफी: चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत

मार्च महिना आला की ठाण्यातल्या गृहसंकुलांच्या सूचना फलकांवर महिला दिनाच्या तपासणी पॅकेजची पत्रके लागतात, आणि रक्ताच्या दहा-बारा तपासण्यांच्या यादीत शेवटी 'पेल्व्हिक सोनोग्राफी' (म्हणजे ओटीपोटाची) व 'सीए-125' (अंडाशयाच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची रक्ततपासणी) ही दोन नावे बहुधा असतात. ती वाचून ओळखीच्या बायका मला विचारतात की, एवढे करून घेतले म्हणजे अंडाशयाच्या कर्करोगाची काळजी मिटली का. कोपरखैरण्याच्या माझ्या मावशीचे पोट सारखे फुगत असे, तेव्हा सहा महिने तिला गॅसची औषधे चालली होती, आणि सोनोग्राफी झाली तोवर पोटात पाणी साठलेले होते. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारच्या अनेकींबरोबर मी सोनोग्राफी केंद्रांत जाऊन बसले आहे. मी डॉक्टर नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला काय माहीत असायला हवे, हे या फेऱ्यांमधून आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे समजले, ते क्रमाने लिहीत आहे.

आधी ठरवा: तपासणी कशासाठी?

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण सोनोग्राफीचा उपयोग तुम्ही कोणत्या कारणाने ती करता यावर अवलंबून आहे. काहीही त्रास नसलेली आणि घराण्यात कोणाला हा आजार झालेला नाही अशी स्त्री, त्रास होत असलेली स्त्री, आणि घराण्यात आजार असलेली स्त्री, या तिघींचे मार्ग वेगळे आहेत.

त्रास नसलेल्या स्त्रीने दरवर्षी सोनोग्राफी केली तर तिचा जीव वाचण्याची शक्यता वाढते का, हा प्रश्न दोन मोठ्या अभ्यासांनी तपासला आहे. ब्रिटनमध्ये 2001 ते 2005 या काळात 50 ते 74 वर्षे वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांची नोंद करण्यात आली. काहींची दरवर्षी योनीमार्गे सोनोग्राफी झाली, काहींचे सीए-125 दरवर्षी मोजून त्यातील चढउतार पाहिले गेले आणि उरलेल्यांची अशी कोणतीही तपासणी झाली नाही. सुमारे 16 वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा तिन्ही गटांत या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या स्त्रियांचे प्रमाण सारखेच, म्हणजे 0.6 टक्के निघाले. रक्ततपासणीच्या गटात आजार काहीसा लवकर सापडत होता, तरीही मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेत 55 ते 74 वर्षांच्या सुमारे 78 हजार स्त्रियांवर असाच अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. तिथेही मृत्यू घटले नाहीत. उलट 3,285 स्त्रियांना कर्करोग नसताना तपासणीत संशय आला, त्यांपैकी 1,080 जणींची शस्त्रक्रिया झाली आणि 163 जणींना त्या शस्त्रक्रियेतून गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. ज्या बाईला काहीच झालेले नव्हते तिचे अंडाशय काढले जावे आणि वर जखम चिघळावी, हे नुकसान पॅकेजच्या पत्रकात कोणी लिहीत नाही, म्हणून मी ते इथे मुद्दाम लिहीत आहे.

असे का होते, याचे एक कारण या आजाराच्या स्वभावात आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो आणि सर्वाधिक घातकही असतो, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अंडाशयात न होता बीजवाहक नलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी होते, असे आता मानले जाते. तिथल्या मूठभर पेशी सोनोग्राफीत दिसणे शक्य नसते. त्या पोटाच्या अस्तरावर पसरू लागतात तेव्हाही अंडाशयाचा आकार नेहमीसारखाच असू शकतो. या जानेवारीत चित्र स्वच्छ आले, म्हणून पुढच्या जानेवारीपर्यंत निश्चिंत राहता येईल, अशी हमी कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात 30 वर्षांनंतर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, पण अंडाशयाची नाही, त्याचे कारण हेच आहे. आणखी एक गैरसमज मला वारंवार भेटतो: पॅप तपासणीत अंडाशयाचाही कर्करोग कळतो, असा. खरे तर ती गर्भाशयमुखासाठी असते, तिच्यात अंडाशयाचा कर्करोग कळत नाही. ती वेळेवर करावीच, पण एकीचे काम दुसरी करत नाही.

त्रास असेल तर मात्र हा सगळा हिशेब बदलतो. पोट फुगल्यासारखे वाटणे, ओटीपोटात दुखणे, दोन घास खाल्ले की पोट भरणे, लघवीची सारखी घाई होणे, ही चार लक्षणे लक्षात ठेवावीत. ती कोणालाही अधूनमधून होतातच. पण ती अलीकडच्या काही महिन्यांत नव्याने सुरू झालेली असतील आणि महिन्यातून बारा-तेरा दिवस त्रास देत असतील, तर ते नेहमीचे ॲसिडिटीचे दुखणे नव्हे. परकराची नाडी किंवा सलवार एकाएकी घट्ट होऊ लागणे आणि त्याच वेळी हात-चेहरा मात्र उतरणे, हे मावशीच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी पाहिले आणि 'वय झाले' म्हणून सोडून दिले. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट बिघडण्याची तक्रार सुरू झाली असेल, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाऊ लागले असेल, तर अंगावर काढू नये. त्रास असताना केलेली सोनोग्राफी त्या त्रासाचे कारण शोधण्यासाठी असते, त्रास नसलेल्यांची चाळणी म्हणून नाही. तिला वयाची किंवा पॅकेजची वाट पाहायची गरज नाही.

घराण्यात आजार असेल तर आधी कागदावर वंशवृक्ष काढावा. आईकडच्या आजी, मावशी, मावसबहिणी जशा लिहाल तशाच वडिलांकडच्या आजी, आत्या, आतेबहिणीही लिहा, कारण सदोष जनुक वडिलांकडूनही तितकेच येऊ शकते. आपण काकू आणि मामी यांनाही आपल्याच घरच्या मानतो; पण त्यांचा आजार आपल्या रक्तात येत नाही, म्हणून त्या या कागदावर नकोत. प्रत्येकीपुढे कोणत्या अवयवाचा कर्करोग आणि कोणत्या वयात, ते लिहावे. स्तनाचा, अंडाशयाचा, स्वादुपिंडाचा, पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा), तसेच आतड्याचा आणि गर्भाशयाचा, हे सर्व इथे महत्त्वाचे आहेत. मागच्या पिढीत निदान नावाने सांगितले जात नसे. 'पोटात पाणी झाले होते', 'जलोदराने गेली', एवढेच वृद्ध मंडळींना आठवते. जलोदर यकृताच्या आजारानेही होतो, तरीही ती आठवण जशी सांगितली तशी लिहून ठेवावी.

या कागदावर दोन-तीन नावे एका बाजूला जमू लागली, किंवा एकच नाव असले तरी ते आई, बहीण, मुलगी इतक्या जवळचे आणि अंडाशयाच्या कर्करोगाचे असेल, तर सोनोग्राफीआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. आपल्या भागातल्या लोकांसाठी खारघर येथील टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र जवळ आहे. शक्य असेल तर जनुकाची तपासणी प्रथम आजारी नातेवाइकाची करतात, कारण तिच्यात दोष सापडला की बाकीच्यांमध्ये नेमके काय शोधायचे ते ठरते. सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात हा आजार होण्याची शक्यता 100 मध्ये एकीच्या आसपास असते. बीआरसीए-1 जनुकात दोष असेल तर ती साधारण 39 ते 58 आणि बीआरसीए-2 मध्ये 13 ते 29 पर्यंत जाते. एवढा धोका असताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहणे हा खात्रीचा बचाव नाही, हे डॉक्टर स्पष्ट सांगतात. मुले झाल्यावर, बीआरसीए-1 असेल तर 35 ते 40 आणि बीआरसीए-2 असेल तर 40 ते 45 या वयात, नलिका आणि अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तो निर्णय फार मोठा आहे, अकाली रजोनिवृत्ती ओढवून घेणारा आहे, आणि तो घाईने एका भेटीत घेण्याजोगा नाही.

चिठ्ठी आणि केंद्र

थेट सोनोग्राफी केंद्रात जाण्यापेक्षा आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. डॉक्टर हाताने तपासतात, आणि चिठ्ठीवर 'पोटदुखी' एवढेच न लिहिता वय, पाळीची स्थिती, लक्षणे आणि घराण्यातील इतिहास लिहितात. रेडिओलॉजिस्टला काय शोधायचे ते त्यावरून कळते. चिठ्ठीवर काही लिहिलेले नसेल तर नम्रपणे लिहून मागावे. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नवी मुंबईत वाशीचे महापालिका रुग्णालय येथे स्त्रीरोग विभाग आहेत. खर्च खासगीपेक्षा बराच कमी होतो, गर्दी मात्र असते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे.

खासगी केंद्र निवडताना दर्शनी भागात नोंदणी प्रमाणपत्र लावलेले आहे का, ते पाहावे. 1994 च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आवश्यक आहे, आणि 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक तुम्हाला सर्वत्र दिसेल. पन्नाशीच्या बाईलाही ओळखपत्र मागितले जाते तेव्हा काही जणी चिडतात. तो केंद्राच्या नोंदींचा भाग आहे, आधार कार्ड पिशवीत असू द्यावे. वेळ घेताना दोन गोष्टी फोनवरच विचाराव्यात: योनीमार्गे सोनोग्राफीची सोय आहे का, आणि स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात.

वेळ आणि पाणी

पाळी येत असेल तर पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान जाणे बरे. नंतरच्या दिवसांत बीज वाढवणारी पाण्याची पिशवी दोन ते अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढलेली असते आणि ती रिपोर्टमध्ये 'सिस्ट' म्हणून उमटून उगाच घबराट होते. पाळी गेलेल्या स्त्रीने कोणत्याही दिवशी जावे. त्रास जास्त असेल तर दिवस मोजत बसू नये.

पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेले लागते, कारण भरलेले मूत्राशय आतड्यांना बाजूला सारते आणि त्यातून गर्भाशय व अंडाशय स्पष्ट दिसतात. साधारण तासभर आधी चार-पाच पेले पाणी प्यावे आणि लघवी रोखून धरावी. पण घरून निघतानाच पाणी पिऊ नये. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने जाणाऱ्या एका बाईंची तुर्भ्याच्या पुढे जी अवस्था झाली ती मी पाहिली आहे. गर्दीत उभे राहून पोट तुंबवणे हा निष्कारण छळ आहे. केंद्रावर पोहोचून नाव नोंदवावे, आपला क्रमांक कितवा आहे ते विचारावे आणि मग बाटली उघडावी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगून त्यांच्या सल्ल्याने प्यावे. सोबत पोटाच्या वरच्या भागाचीही सोनोग्राफी लिहिली असेल तर काही तास उपाशी राहायला सांगतात, तेही फोनवरच विचारून घ्यावे.

कपडे दोन भागांचे असावेत. साडी असेल तर सैल नेसावी. सोबत जुने सगळे रिपोर्ट, औषधांची यादी, शेवटच्या पाळीची तारीख आणि एक ओळखीची बाई. गर्भाशय किंवा अंडाशय पूर्वी काढलेले असेल तर तो शस्त्रक्रियेचा कागद न विसरता न्यावा, कारण 'पिशवी काढली' एवढ्यावरून अंडाशय ठेवले की काढले हे कोणालाच कळत नाही.

खोलीच्या आत

पोटावर थंडगार जेल लावून डॉक्टर यंत्राचा हातात धरायचा भाग, म्हणजे प्रोब, फिरवतात. मूत्राशय भरलेले असल्याने दाब नकोसा वाटतो, पण हे दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. यात ध्वनिलहरी वापरतात, किरणोत्सर्ग नसतो.

त्यानंतर योनीमार्गे सोनोग्राफी करायची असेल तर आधी लघवी करून यायला सांगतात, कारण तिला मूत्राशय रिकामे लागते. बोटाएवढ्या जाडीचा लांबट प्रोब नवीन आवरण आणि जेल लावून हळूच आत घेतला जातो. तो अंडाशयाच्या फार जवळ पोहोचतो, म्हणून गाठीच्या आतली रचना पोटावरच्या तपासणीपेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते. अंडाशयाबद्दल खरा संशय असेल तर केवळ संकोचापोटी ही तपासणी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे. परंतु तुमची संमती घेतल्याशिवाय ती होता कामा नये. आवरण तुमच्यासमोर बदलायला सांगण्याचा, खोलीत स्त्री परिचारिका असण्याचा आणि दुखले तर 'थांबा' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शरीरसंबंध न आलेल्या स्त्रीने तसे आधीच स्पष्ट सांगावे. तिची तपासणी साधारणपणे पोटावरूनच करतात. पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रीला कोरडेपणामुळे दुखू शकते, तेही सांगितले तर डॉक्टर जास्त जेल वापरतात.

तपासणी चालू असताना डॉक्टर एकाच जागी बराच वेळ थांबले तर घाबरू नये. मापे घेताना आणि रंगीत डॉप्लरने गाठीतला रक्तप्रवाह पाहताना वेळ लागतोच.

रिपोर्ट हाती आल्यावर

पाकीट रिक्षातच उघडले जाते, हे मला माहीत आहे. म्हणून त्यातले शब्द आधीच ओळखीचे झालेले बरे. 'सिंपल सिस्ट' म्हणजे पातळ भिंतीची, आत फक्त पाणी असलेली पिशवी. पाळी येणाऱ्या स्त्रीत ती पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुधा आपोआप विरते आणि तिला पाठपुरावाही सहसा लागत नाही. 'हेमोरेजिक सिस्ट' म्हणजे आत रक्त उतरलेली पिशवी, 'चॉकलेट सिस्ट' एंडोमेट्रिओसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढल्यामुळे होते, आणि 'डर्मॉइड' ही जन्मजात पेशींपासून वाढणारी, बहुतेक वेळा निरुपद्रवी गाठ आहे. 'पीसीओडी' किंवा 'पॉलिसिस्टिक' हा शब्द वाचून कर्करोगाची भीती धरू नये. पाळी गेलेल्या स्त्रीत लहान सिंपल सिस्ट सापडली आणि सीए-125 नेहमीच्या मर्यादेत असेल, तरी चार ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहायला सांगतात.

लक्ष द्यायचे शब्द वेगळे आहेत: गाठीत घन भाग, जाड किंवा ओबडधोबड पडदे, आतल्या भिंतीवर अंकुरासारखे 'पॅपिलरी' उंचवटे, भरपूर रक्तप्रवाह, आणि पोटात पाणी, म्हणजे 'असायटिस'. हल्ली बऱ्याच रिपोर्टमध्ये शेवटी 'ओ-रॅड्स' असा क्रमांक असतो. 1 म्हणजे सर्वसामान्य, 2 मध्ये कर्करोगाची शक्यता एक टक्क्याहून कमी, 3 मध्ये एक ते दहा, 4 मध्ये दहा ते पन्नास आणि 5 मध्ये पन्नास टक्के किंवा अधिक. 0 असेल तर तपासणी अपुरी राहिली, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांक 5 आला तरी निदान पक्के होत नाही. ते गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते.

सीए-125 चा आकडा वाचताना फार सावध राहावे. 35 ही नेहमीची मर्यादा मानली जाते, पण पाळी चालू असताना, गरोदरपणात, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) किंवा चॉकलेट सिस्ट असताना आणि यकृताच्या आजारात तो वाढतो. आपल्या देशात तर पोटाच्या क्षयरोगात तो पुष्कळ वाढतो आणि पोटात पाणीही होते, त्यामुळे कर्करोग समजून हबकलेल्या घराला क्षयाची गोळी पुरेशी ठरल्याचेही घडते. उलट, सुरुवातीच्या कर्करोगात हा आकडा अगदी सर्वसामान्य असू शकतो.

संशय आला तर पुढचे पाऊल

इथे घाई आणि दिरंगाई दोन्ही महाग पडतात. संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढून पाहू द्यायचे नाही, आणि जवळच्या छोट्या प्रसूतिगृहात दुर्बिणीने 'सिस्ट काढून टाकू' असे कोणी म्हटले तर आधी दुसरे मत घ्यायचे. अंडाशयापुरता मर्यादित असलेला कर्करोग गाठ फुटून पोटात सांडला, तर त्याची अवस्था तिथल्या तिथे एक पायरी वर जाते आणि कदाचित टळली असती अशी केमोथेरपी घ्यावी लागते. गाठ अखंड बाहेर काढणे आणि पोटातल्या बाकीच्या जागांची त्याच वेळी नीट तपासणी करणे, हे स्त्रीरोग कर्करोग शल्यचिकित्सकाचे काम आहे. त्यांना रिपोर्ट दाखवण्यासाठी लागणारे आठ-दहा दिवस वाया जात नाहीत. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटावे.

रिपोर्ट स्वच्छ आला, पण पोट फुगणे आणि भूक मरणे तीन-चार आठवड्यांत कमी झाले नाही, तर त्याच डॉक्टरांकडे परत जावे आणि 'रिपोर्ट चांगला आहे, पण त्रास तोच आहे' असे स्पष्ट सांगावे. त्यानंतर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायचे की आतड्याच्या तज्ज्ञांकडे जायचे, हे त्या ठरवतील. पुन्हा सोनोग्राफी करायची झाल्यास शक्यतो त्याच केंद्रात जावे आणि पहिल्या वेळची चित्रे न चुकता न्यावीत, कारण गाठ वाढली की आहे तेवढीच राहिली, हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच कळते.